हेराचे बिनतारी यंत्र: पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले

प्रश्न असा आहे की, युद्धपटांत शत्रूच्या प्रदेशातला हेर माळ्यावर बसून पेटी उघडतो, हेडफोन चढवून भराभर मोर्स (बिंदू-रेघांची सांकेतिक लिपी) पाठवतो, मुख्यालयाचे उत्तर तिथल्या तिथे येते, एवढ्यात खाली रस्त्यावर फिरती अँटेना लावलेली गाडी येऊन थांबते आणि बुटांचा आवाज जिन्यावर ऐकू येतो. यातले खरे किती आणि पटकथाकाराचे किती? माझी नोकरी मोर्सवर झाली आणि निवृत्तीनंतर त्या काळातली यंत्रे दुरुस्त करून चालती करण्याचा नाद लागला, त्यामुळे हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. उत्तर दुसऱ्या महायुद्धातील युरोपपुरते देतो, कारण बहुतेक चित्रपट तिथलेच असतात आणि त्या काळाची कागदपत्रेही बऱ्यापैकी खुली झालेली आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. चित्रपटांत सामान बहुधा बरोबर असते. चुकतो तो वेळ. चित्रपटातला हेर बिनतारी यंत्र टेलिफोनसारखे वापरतो, म्हणजे मनात आले की उचलले, बोलले, उत्तर ऐकले. प्रत्यक्षात ते तारेच्या अधिक जवळचे होते: मजकूर आधी तयार करायचा, ठरल्या वेळी द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. हा एक फरक लक्षात घेतला की बाकीच्या बहुतेक चुका आपोआप दिसू लागतात.

यंत्रापासून सुरुवात करू. ब्रिटनच्या एस.ओ.ई. या गुप्त संघटनेचा ‘बी-२’ नावाने ओळखला जाणारा संच साध्या प्रवासी पेटीत बसत असे, आणि पडद्यावर दिसणारी पेटी बहुधा याच्याच धर्तीवर केलेली असते. ट्रान्समीटर, रिसीव्हर, विद्युतपुरवठ्याचा भाग आणि सुट्या वस्तू मिळून त्याचे वजन सुमारे १५ किलो भरे. चित्रपटातील नायिका ती पेटी एका बोटावर झुलवत स्टेशनाबाहेर येते तेव्हा मला हसू येते. खरा ऑपरेटर पेटी उचलताना खांदा एका बाजूला झुकू नये याची काळजी घेत असे, कारण नाक्यावरच्या पहारेकऱ्याला कपड्यांची पेटी आणि लोखंडाची पेटी यांतला फरक चालीवरून कळतो. संचाची प्रक्षेपणशक्ती जेमतेम २० वॅटची होती, म्हणजे एका मंद दिव्याइतकी. एवढ्या शक्तीवर शेकडो किलोमीटर दूर पोचायचे तर सगळी भिस्त एरियलवर असते, आणि नेमका एरियलच चित्रपटातून गायब असतो. या संचांना साधारण १८ ते २० मीटर लांबीची तार लागे. ती खोलीतल्या खोलीत नागमोडी बांधली तर काम होते, पण संदेश क्षीण जातो. छपरावरून किंवा परसातल्या झाडांवरून ताणली तर संदेश नीट पोचतो, पण शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरतो. ऑपरेटरची निम्मी हुशारी या तारेसाठी जागा शोधण्यात खर्ची पडत असे. कपडे वाळत घालायच्या दोरीलगत ती ताणणे हा त्यातला नेहमीचा उपाय.

दुसरी गायब वस्तू म्हणजे क्रिस्टल. ट्रान्समीटरची फ्रीक्वेन्सी क्वार्ट्झच्या एका छोट्या चकतीने पक्की केलेली असे, आणि ती चकती डबीसकट संचात खोचावी लागे. फ्रीक्वेन्सी बदलायची म्हणजे डबी बदलायची. दिवसा वरची आणि रात्री खालची फ्रीक्वेन्सी लागते, कारण लघुलहरी ज्या आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युतभारित थरावरून) परावर्तित होतात त्याची स्थिती सूर्याप्रमाणे बदलते. म्हणून प्रत्येक ऑपरेटरजवळ निदान दोन-चार क्रिस्टल असत आणि पॅराशूटने उतरताना त्यातले एखादे तडकले तर दिवसाचे किंवा रात्रीचे दळणवळण बंद पडे. चित्रपटात मात्र नायक एक बटण गरागरा फिरवतो आणि लंडन लागते. बटण फिरवून लागतो तो रिसीव्हर. ट्रान्समीटरचे बटण फिरवतात ते एरियलशी त्याचा मेळ घालण्यासाठी.

आता ठरलेल्या वेळेकडे येऊ. ऑपरेटरला निघण्यापूर्वी एक वेळापत्रक दिलेले असे: अमुक दिवशी, अमुक मिनिटाला, अमुक फ्रीक्वेन्सीवर. त्या मिनिटाला इंग्लंडमधील ग्रेंडन अंडरवुडसारख्या केंद्रावर एक ऑपरेटर, बहुतेक वेळा ‘फॅनी’ या स्त्रियांच्या दलातील एखादी तरुणी, हेडफोन लावून त्याच एका संकेतनामाची वाट पाहत बसलेली असे. तिकडच्या माणसाने चार-पाच मिनिटे आधी संच सुरू करायचा, कारण संचातले व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) तापायला आणि रिसीव्हर स्थिर व्हायला वेळ लागतो. क्रिस्टल खोचायचा, मोर्सची कळ क्षणभर दाबून धरायची आणि प्रक्षेपण जास्तीत जास्त होईपर्यंत बटण जुळवायचे. हा क्षणसुद्धा हवेत जातो, म्हणून तो शक्य तितका आखूड ठेवायचा. मग आपले संकेतनाम पुन्हा पुन्हा पाठवायचे आणि खटका फिरवून ऐकायचे. केंद्राचे उत्तर वेगळ्याच फ्रीक्वेन्सीवर येई. खटका प्रक्षेपणाच्या बाजूला असताना रिसीव्हर बंद असतो, त्यामुळे मध्येच कोणी थांबवू शकत नाही. प्रतिसाद नाही आला, तर थोडा वेळ पुन्हा हाक मारायची. तरीही नाही आला, तर संच बंद करून पुढच्या नेमलेल्या वेळेपर्यंत गप्प बसायचे. ‘लंडन, ऐकता आहात का, लंडन’ असा रात्रभर टाहो फोडणे म्हणजे शत्रूला आमंत्रण.

संपर्क झाला की गप्पा नसत. ‘क्यू’ने सुरू होणारी तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संक्षेपांची एक ठरलेली यादी असते: माझ्याकडे संदेश आहेत, तुमचा संदेश मिळाला, फ्रीक्वेन्सी बदला, माझ्याकडे काही नाही. एवढ्यावर भागे. त्यानंतर पाच-पाच अक्षरांचे गट. प्रशिक्षित ऑपरेटर मिनिटाला १५ ते २० शब्दांच्या वेगाने पाठवे. १५ च्या वेगाने शंभर गट पाठवायला सात-आठ मिनिटे लागतात, तेही हात न अडखळता आणि समोरच्याने पुन्हा मागितले नाही तर. पडद्यावर नायक दहा सेकंद खटखट करतो आणि पलीकडे अधिकारी दोन परिच्छेदांचा मजकूर वाचून दाखवतो. दहा सेकंदांत दोन-तीन शब्द जातात.

हा मजकूर सांकेतिक करायला लागणारा वेळ तर चित्रपटांनी पूर्णच खाऊन टाकला आहे. युद्धाच्या पहिल्या काळात एस.ओ.ई.च्या हस्तकांना एक कविता पाठ करवलेली असे. तिच्यातले पाच शब्द निवडायचे, ते सलग लिहायचे आणि त्यांतील अक्षरांना वर्णक्रमानुसार आकडे द्यायचे: जितके ‘ए’ असतील त्यांना १, २, मग ‘बी’ला पुढचा आकडा, असे शेवटपर्यंत. त्या आकड्यांखाली चौकटीच्या कागदावर संदेश ओळींनी लिहायचा आणि आकड्यांच्या क्रमाने उभे स्तंभ उतरवून घ्यायचे. आलेला गोंधळ पुन्हा दुसऱ्या किल्लीखाली, म्हणजे तशाच दुसऱ्या आकड्यांच्या ओळीखाली, तसाच लिहून पुन्हा स्तंभ उतरवायचे. निवडलेले शब्द कोणते, हे सांगणारा एक गट सुरुवातीला घालायचा. एका अक्षराची नोंद चुकली किंवा कवितेतल्या एखाद्या शब्दाचे शुद्धलेखन चुकले, तर सगळा संदेश निरर्थक. थंडीने आखडलेल्या बोटांनी, मेणबत्तीच्या उजेडात, दारावर कोणी येईल या भीतीत हे काम करायचे असल्याने असे न उलगडणारे संदेश लंडनला वरचेवर मिळत, आणि ‘पुन्हा पाठवा’ म्हणणे म्हणजे त्या माणसाला आणखी दहा मिनिटे धोक्यात घालणे. म्हणून संकेतविभागाचे प्रमुख लिओ मार्क्स यांनी मुलींचे एक पथकच संभाव्य चुका तपासत असे संदेश सोडवायला बसवले होते.

याला जोडून एक बारकावा आहे, जो मी कुठल्याही चित्रपटात पाहिला नाही. या पद्धतीत फार छोटा संदेश फोडायला सोपा असतो, म्हणून किमान २०० अक्षरे पाठवण्याचा दंडक होता. म्हणजे ‘आम्हाला घेरले आहे’ एवढेच कळवायचे असले तरी त्यात भरताड घालून ते लांबवावे लागे. शत्रू जिन्यावर असताना नायक शेवटचे चार शब्द पाठवतो, हा पटकथेचा आवडता क्षण त्या काळच्या नियमांत बसतच नाही. पुढे मार्क्स यांनी रेशमी कापडावर छापलेल्या, एकदा वापरून कापून जाळायच्या किल्ल्या आणल्या, तेव्हा संदेश आखूड करता येऊ लागले. रेशीम अस्तरात शिवता येते, अंगझडतीत कागदासारखे कुरकुरत नाही आणि चटकन जळते.

केंद्राने संदेश घेतला तरी उत्तर त्याच वेळी येत नसे. तो टेलिप्रिंटरने लंडनला जाई, उलगडला जाई, संबंधित विभागाचा अधिकारी तो वाचून निर्णय घेई, उत्तर सांकेतिक केले जाई आणि पुढच्या नेमलेल्या वेळी पाठवले जाई. ‘पूल उडवू का?’ या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले तरी कामकाज चांगले चालले आहे असे समजायचे. ज्या गोष्टींना उत्तराची गरज नसे, म्हणजे अमुक रात्री विमान येणार आहे, अमुक कामगिरी आता सुरू करा, त्यांच्यासाठी बी.बी.सी.च्या फ्रेंच कार्यक्रमानंतर निरर्थक वाटणारी ‘वैयक्तिक निरोपां’ची वाक्ये वाचली जात. ती ऐकायला साधा घरगुती रेडिओ पुरे. तो ऐकणेही गुन्हा होता, पण ऐकणाऱ्याची दिशा काढता येत नाही. हे दृश्य चित्रपटांत बहुधा बरोबर दाखवतात.

आता ती प्रसिद्ध गाडी. ती खरी होती. पण गाडीपर्यंत प्रकरण येण्याआधी दूरवरची स्थिर दिशाशोधक केंद्रे काम करत. तीन केंद्रांनी आपापली दिशा फोनवर कळवली की नकाशावर रेषांचा त्रिकोण उमटे; तो अनेक किलोमीटर रुंद असे, म्हणजे शहर कळे, घर कळत नसे. मग त्या शहरातल्या गाड्या निघत. इथे भौतिकशास्त्र मध्ये येते. आयनांबरावरून परतलेली लहर वरून तिरकी येते आणि साध्या वर्तुळाकार अँटेनाला चकवते; भरवशाची दिशा मिळते ती जमिनीलगत जाणाऱ्या लहरीवरून, आणि ती शहरात काही किलोमीटरांतच विरते. म्हणून गाडीला जवळ यावेच लागे. पडद्यावर शोधणारा माणूस अँटेना फिरवतो आणि आवाज वाढत वाढत कर्कश झाला की ‘तिकडे!’ म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात उलटे असते. अशा अँटेनाचा सर्वांत मोठा आवाज पसरट असतो, तीस-चाळीस अंश इकडे-तिकडे फिरवली तरी फारसा फरक कळत नाही. मात्र आवाज जिथे जवळपास नाहीसा होतो ती जागा धारदार असते. म्हणून दिशाशोधक मोठ्या आवाजाचा माग घेत नाही, शांततेचा घेतो. हेडफोनमधली शिटी बुडाली, दोन्ही बाजूंना परत आली, की मधल्या रेषेवर खूण करायची. मी स्वतः हौशी स्पर्धांमध्ये लपवलेले ट्रान्समीटर असेच शोधले आहेत, आणि तिथे तर कोणी बंदूक घेऊन पळत नसते. तरीही इमारतींवरून उसळलेल्या लहरींनी माणूस हमखास चुकीच्या गल्लीत शिरतो.

शेवटचे शंभर मीटर पायी जावे लागे. त्यासाठी जर्मनांकडे कोटाखाली पट्ट्यासारखा बांधायचा छोटा रिसीव्हर होता. दुसरी युक्ती अधिक साधी होती: एकेका इमारतीची वीज तोडायची आणि मोर्स कोणत्या क्षणी थांबते ते पाहायचे. याच कारणाने अनुभवी ऑपरेटर घरची वीज सोडून मोटारीच्या बॅटरीवर काम करत. एवढे सगळे जमवायला मोठ्या शहरातील सज्ज पथकालाही अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागे. म्हणून नियम झाला तो पाच मिनिटांच्या आत आटपण्याचा, मध्येच फ्रीक्वेन्सी बदलण्याचा आणि जागा सतत बदलण्याचा. नियम मोडल्यावर काय होते याचे उदाहरण ब्रुसेल्समध्ये सापडते. सोव्हिएत हेरजाळ्याचा तिथला संच एकाच घरातून रात्री कित्येक तास चालत असे. डिसेंबर १९४१ मध्ये जर्मन दिशाशोधकांनी ते घर गाठले. मॉस्कोकडून मजकुराची मागणी अफाट होती, आणि ती पुरवणाऱ्याला घड्याळाकडे पाहायला सवड नव्हती.

वेळेच्या या हिशेबाची उलट बाजू ‘गार्बो’ या दुहेरी हेराच्या कथेत दिसते. जर्मनांना तो आपला वाटत होता, वास्तविक तो ब्रिटिशांचा होता. ६ जून १९४४ च्या पहाटे तीन वाजता, नॉर्मंडीच्या चढाईची थोडी आगाऊ खबर देऊन त्याची पत वाढवावी, असा बेत होता. माद्रिदच्या जर्मन केंद्राला हाका मारल्या, तर पलीकडे कोणी बसलेलेच नव्हते. संदेश घेतला गेला तोपर्यंत सकाळ झाली होती. कोणताही पटकथाकार असा प्रसंग विनोदी म्हणून कापून टाकील. तीनच दिवसांनी त्याच संचावरून एक संदेश पाठवायला सुमारे दोन तास लागले. इंग्लंडमध्ये खराखुरा जर्मन हेर दोन तास सलग हवेत राहून पकडला जात नाही, ही गोष्ट पलीकडच्या एखाद्या चौकस ऑपरेटरला खटकायला हवी होती. ती कोणाला खटकली नाही, आणि मुख्य हल्ला नॉर्मंडीऐवजी फ्रान्सच्याच किनाऱ्यावरील पा-द-कॅलेला होणार आहे हा त्यातला खोटा मजकूर गांभीर्याने घेतला गेला.

ऑपरेटरचा ‘हात’ ओळखू येतो, हे चित्रपटांतले विधान मात्र खरे आहे. बिंदू आणि रेघ यांची लांबी, अक्षरांमधली फट, ठरावीक अक्षरावर येणारा हिसका, यांवरून रोज ऐकणाऱ्याला माणूस ओळखू येतो. परंतु त्यावर सुरक्षितता सोडता येत नाही, कारण हाताची नक्कल करता येते, आणि पकडलेल्या माणसालाच कळीवर बसवले तर हात त्याचाच असतो. त्यासाठी दुसरी खूण होती: संदेशात ठरलेल्या जागी मुद्दाम केलेली चूक. ती नसेल तर पाठवणारा शत्रूच्या ताब्यात आहे असे समजायचे.

६ मार्च १९४२ रोजी हेगमध्ये ह्यूब लाउवर्स हा डच ऑपरेटर पकडला गेला. त्याची खूण होती दर सोळाव्या अक्षराला चूक करण्याची. जर्मनांनी त्याला संचावर बसवले तेव्हा त्याने ती चूक केली नाही. लंडनला कळेल अशी त्याची खात्री होती. लंडनने खूण नसल्याची नोंद केली आणि काम पुढे चालू ठेवले. जर्मन अधिकारी हेर्मान गिस्केस याने हा खेळ सुमारे दोन वर्षे चालवला. पन्नासहून अधिक हस्तक पॅराशूटने थेट जर्मनांच्या हाती उतरले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले. १ एप्रिल १९४४ रोजी गिस्केसने साध्या, असांकेतिक भाषेत टोमणा मारणारा निरोप पाठवून हा प्रकार संपवला. फ्रान्समध्येही जून १९४३ मध्ये पकडलेल्या एस.ओ.ई.च्या ऑपरेटर गिल्बर्ट नॉर्मनच्या संचावरून खरी खूण नसलेला संदेश गेला, तर लंडनने ‘खूण विसरलात, काळजी घ्या’ अशा अर्थाचे उत्तर पाठवून जर्मनांना अशी खूण असते हेच कळवले. चित्रपटात मुख्यालयातला करड्या केसांचा अधिकारी एका अक्षरावरून दगा ओळखतो. प्रत्यक्षात खाली ऐकणाऱ्या मुलींना शंका येत असे. वरच्या टेबलावर ती विरून जाई.

नूर इनायत खान यांचे नाव या विषयात नेहमी निघते. बडोद्याचे संगीतज्ञ आणि सूफी साधक हजरत इनायत खान यांच्या या कन्या, एस.ओ.ई.ने व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेल्या पहिल्या महिला बिनतारी ऑपरेटर. जून १९४३ च्या मध्यास त्या उतरल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याभोवतीचे पॅरिसचे जाळे कोसळले. परत येण्याची सूचना असूनही त्या थांबल्या आणि घरे बदलत काही महिने काम करत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये त्या पकडल्या गेल्या. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउच्या छावणीत त्यांना ठार मारण्यात आले. त्यांच्या गोष्टीत चित्रपटकारांना दिशाशोधक गाडी हवी असते, पण घात केला तो फितुरीने. शिवाय पाठवलेल्या संदेशांच्या नोंदी त्यांनी वहीत जपून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे जर्मनांनी त्यांच्या नावाने संच चालवला. टोकियोमध्ये सोव्हिएत हेर रिचर्ड झोर्गे याचा ऑपरेटर माक्स क्लाउझेन स्वतः जुळवलेल्या संचावरून वर्षानुवर्षे संदेश पाठवत राहिला. जपान्यांनी ते ऐकले, पण घर सापडले नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये जाळे उघडे पडले ते एका माणसाच्या जबानीतून दुसऱ्याकडे पोचत.

राहिला आवाजी संभाषणाचा मुद्दा. ‘ओव्हर अँड आउट’ हे पडद्यावरचे वाक्य तर स्वतःलाच खोडते, कारण ओव्हर म्हणजे आता तुम्ही बोला आणि आउट म्हणजे बोलणे संपले. लघुलहरींवर आवाजाने बोलायला मोर्सपेक्षा कितीतरी अधिक शक्ती लागते, त्यामुळे पेटीतल्या संचावर लंडनशी बोलणे शक्यच नव्हते. तरी दोन अपवाद आहेत. अंगावर पट्ट्यांनी बांधायच्या ‘एस-फोन’वरून जमिनीवरचा हस्तक येणाऱ्या विमानाशी बोलू शकत असे. आणि १९४४ च्या अखेरीस अमेरिकनांनी ‘जोन-एलिनॉर’ पद्धत आणली: हस्तकाच्या हातात दोनेक किलोचा संच, वर नऊ-दहा किलोमीटर उंचीवर घिरट्या घालणारे मॉस्किटो विमान आणि त्यात संभाषण तारेवर ध्वनिमुद्रित करणारा माणूस. २६० मेगाहर्ट्झच्या लहरी सरळ रेषेत वर जात, त्यामुळे जमिनीवरच्या शोधकाला त्या जवळपास ऐकूच येत नसत. सांकेतिक लिपी नको, मोर्स नको, प्रश्नाला लगेच उत्तर. मार्च १९४५ मध्ये बर्लिनमध्ये उतरलेल्या पथकाकडे हाच संच होता. म्हणजे टेलिफोनसारखे बोलणारा हेर दाखवायचाच असेल, तर कथा युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत न्यावी आणि डोक्यावर एक विमान ठेवावे.

युद्धानंतरच्या काळातल्या चित्रपटांना वेगळे नियम लावावे लागतात. संदेश आधी फितीवर नोंदवून तो काही सेकंदांत एका झटक्यात सोडण्याची साधने आली आणि पाच मिनिटांचा नियम निकालात निघाला. दुसरीकडे, हस्तकाने फक्त ऐकायचे आणि आकड्यांचे गट वाचणारे केंद्र रोज ठरल्या वेळी बोलत राहायचे, ही पद्धत दशकानुदशके चालली. तिथे हेराजवळ बाजारात मिळणारा लघुलहरी रेडिओ, पेन्सिल आणि किल्ल्यांची एक चिमुकली वही एवढेच सापडू शकते.